सल्ला : चादरीचं दुकान, ब्लॉग आणि हातातला मोबाइल

पत्र : सोलापूरच्या पूर्व भागात आमचे आठ माग आहेत. चादरी आणि टॉवेल विणतो. घराखालीच छोटं दुकान आहे. आजवर सगळा माल व्यापाऱ्यांकडे जायचा, आता थोडा तरी थेट गिऱ्हाइकाला विकावा असं वाटतं. मुलाने इन्स्टाग्रामवर पेज काढलं, गाणी लावून रील टाकल्या. लाइक येतात, ऑर्डर येत नाही. ज्या मोजक्या चादरी पाठवल्या त्यातल्या दोन परत आल्या. कारण काय, तर फोटोतला रंग वेगळा होता. एका एजन्सीने वेबसाइटचे ४० हजार सांगितले. कुणी म्हणतं ब्लॉग लिहा. मी दहावीपर्यंत शिकले, घरात तेलुगू बोलतो, लिहायची सवय नाही. ब्लॉगने खरंच काही होतं का? व्हिडिओ कसा काढायचा? आणि मुलगा जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला जाणार, मग हे सगळं कोण बघणार? – एक वाचक भगिनी, पूर्व भाग

उत्तर :

ताई, ते ४० हजार सध्या कुणाला देऊ नका. तुम्हाला जे हवंय ते फुकटात उभं राहतं. फार तर स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्यायचा तर वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. तोही पहिल्या दिवशी लागत नाही.

ब्लॉगने होतं. फक्त त्यात गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं. रील बघणारा माणूस वेळ घालवत बसलेला असतो. चादर आवडली तरी पुढच्या मिनिटाला तो दुसरं काहीतरी बघतो. पुण्यात बसून जो गुगलवर ‘सोलापुरी चादर डबल बेड साइज’ असं टाइप करतो, त्याच्या मनात खरेदी असते. त्याला उत्तर तुमच्या पानावर मिळालं तर फोन तुम्हालाच येतो. शिवाय रील चार दिवसांत मागे पडते आणि चांगल्या प्रश्नावरचा लेख दोन-तीन वर्षं लोकांना सापडत राहतो. म्हणून आधी लेख, मग त्या लेखासाठी फोटो आणि व्हिडिओ, आणि त्याच व्हिडिओचा तुकडा इन्स्टाग्रामवर, असा क्रम ठेवा. मुलाने केलेली मेहनत वाया गेलेली नाही, ते पेज पुढे उपयोगी पडेल.

लिहायचं काय

दुकानातल्या फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. पुढचे पंधरा दिवस गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत टिपा. डबल बेडला कोणती साइज लागेल? पहिल्या धुण्यात आटते का? रंग जातो का? प्युअर कॉटन आहे की मिक्स? एसीत पुरेल का? आहेराला दहा घेतल्या तर भाव काय? नागपूरला पाठवता का, पोचवायचे किती? एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख. प्रश्नच लेखाचं शीर्षक ठेवा, कारण लोक गुगलवरही तसंच विचारतात.

लिहायची सवय नसेल तर बोला. मोबाइलच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि काउंटरवर बोलता तसं बोलत जा. फोन टाइप करत जाईल. पूर्णविराम, आकडे आणि ‘जॅकार्ड’सारखे शब्द तो हमखास चुकवतो. तेवढं हाताने दुरुस्त करा. तीनशे ते पाचशे शब्द खूप झाले.

‘उत्कृष्ट दर्जाच्या चादरी वाजवी दरात’ असलं वाक्य कुठेही लिहू नका. ते प्रत्येक दुकानाच्या पाटीवर आहे आणि त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. आकडा लिहा. समजा तुमची चादर ६० बाय ९० इंच आहे आणि काट्यावर १ किलो २०० ग्रॅम भरते. इंचांचे मीटर केले की १.५२ बाय २.२९, म्हणजे साधारण ३.४८ चौरस मीटर. १२०० ला ३.४८ ने भागलं की सुमारे ३४५. हा झाला तुमच्या चादरीचा जीएसएम, एका चौरस मीटरचं वजन. टॉवेलचंही तसंच : ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ४५० ग्रॅमचा असेल तर ३८७ च्या आसपास. ऑनलाइन खरेदी करणारे लोक हा आकडा शोधतात, आणि बरेच छोटे विक्रेते तो देतच नाहीत. तुम्ही दिलात की तुमची चादर जाड की पातळ हे हात न लावता समजतं.

आटण्याच्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नका, चाचणी करा. एका चादरीवर लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी दोन टाके, एकमेकांपासून ५० सेंटिमीटरवर, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घाला. पेनाची खूण धुण्यात जाते, टाका राहतो. गिऱ्हाईक घरी धुतं तशी तीनदा धुवा, प्रत्येक वेळी सावलीत पूर्ण वाळवा, ताणून न धरता सपाट जमिनीवर पसरून मोजा. ५० चे ४८ झाले तर आट ४ टक्के, म्हणजे ९० इंचांत साडेतीन इंचांहून थोडी जास्त. लेखात हे जसंच्या तसं लिहा आणि टेपसकट फोटो लावा. रंगासाठी पांढरं सुती फडकं ओलं करून गडद भागावर दहा वेळा जोर देऊन घासा आणि त्या फडक्याचाच फोटो टाका. मरून किंवा गडद निळ्याचा थोडा रंग लागला तर लपवू नका, ‘पहिली दोन धुणी वेगळी धुवा’ असं लिहा. आधी सांगितलेल्या गोष्टीवरून कुणी माल परत पाठवत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा लेख ‘डिझाइन विणलेलं आहे की छापलेलं, कसं ओळखायचं?’ हा ठरेल. सोलापुरी म्हणून बाहेरचा माल खपवला जातो ही तुमची सगळ्यांचीच तक्रार आहे, आणि तिला उत्तर देण्याची जागा हीच. जॅकार्डवर, म्हणजे मागावरच नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेल्या चादरीची मागची बाजू दाखवा : तोच मोर, पण रंग उलटे, पुढे मरूनवर पिवळा तर मागे पिवळ्यावर मरून. छापील चादरीची मागची बाजू फिकट असते आणि नक्षीच्या कडा पुसट दिसतात. सूत ओळखण्यासाठी दशीतला एक धागा चिमट्यात धरून जाळून दाखवा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि चिमटीत भुगा होणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. हे लिहिताना कुठल्याही गावाचं किंवा दुकानाचं नाव घेऊन टीका करू नका. ओळखायचं कसं एवढंच सांगा, बाकी गिऱ्हाईक समजून घेतं.

ब्लॉग उभा करताना

गुगलचा ब्लॉगर फुकट आहे आणि फोनच्या ब्राउझरमधूनही चालतो. त्यात मराठीत लिहिणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगर पानाच्या पत्त्यातून ती अक्षरं गाळतो आणि पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा होतो. म्हणून ‘प्रकाशित करा’ दाबण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये जाऊन ‘कस्टम’ निवडा आणि इंग्रजी लिपीत चार शब्द जोडरेघेने लिहा : सोलापुरी, चादर, डबल, साइज. लेख एकदा प्रसिद्ध झाल्यावर हा पत्ता बदलला तर आधी पाठवलेल्या सगळ्या लिंक मोडतात. सेटिंगमधलं ‘सर्च डिस्क्रिप्शन’ही चालू करा, आणि प्रत्येक लेखाला दीडशे अक्षरांच्या आत एक-दोन ओळी द्या. गुगल निकालात शीर्षकाखाली बऱ्याचदा त्याच ओळी दाखवतं.

पुण्या-मुंबईची बरीच मराठी माणसंही इंग्रजी लिपीत शोधतात. त्यामुळे लेख मराठीत असला तरी मालाचं नाव एखाद्या ठिकाणी इंग्रजी लिपीतही असू द्या. एकदाच. दहा वेळा कोंबलं तर वाचणारा पळतो.

तुमच्याकडे जुनं पत्रक असेल, डीटीपीवाल्याने श्रीलिपीत केलेलं, तर त्यातला मजकूर उचलून चिकटवू नका. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसतो; ब्लॉगवर नुसती खिचडी दिसते. ते पत्रक फोटो म्हणूनही टाकू नका; चित्रातल्या अक्षरांवर शोधासाठी विसंबता येत नाही, आणि मोबाइलवर ती वाचताही येत नाहीत. मजकूर पुन्हा बोलून टाइप करा, पाच मिनिटांचं काम आहे.

फोटो घालताना आकार ‘एक्स्ट्रा लार्ज’ ठेवा, ‘ओरिजिनल’ नको. फोनमधला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, असे आठ फोटो एका पानावर आले की साध्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. प्रत्येक फोटोवर टिचकी मारून ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये तो कशाचा आहे ते लिहा, जसं ‘मरून-पिवळी मोर डिझाइन चादर, मागची बाजू’.

महिन्याला दोन लेख पुरेत. गुगलला नवीन पान सापडून वर यायला काही आठवडे जातात, म्हणून हंगामाच्या दोन महिने आधी लिहायचं. थंडीच्या चादरींचा लेख सप्टेंबरात, आहेराचा लग्नसराईच्या आधी, जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी ‘यात्रेला आलात तर चादर कुठे आणि कशी घ्यावी’ हा नोव्हेंबरात. ब्लॉग गुगल सर्च कन्सोल या फुकट सोयीला जोडून तिथे साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, एकदा द्यायचा. हे काम मुलाकडून जूनच्या आधी करून घ्या.

रंग बरोबर येण्यासाठी

परत आलेल्या दोन चादरींचं कारण बहुधा दुकानातली ट्यूबलाइट आणि फोनची हुशारी या दोन्हींत आहे. एका बाजूने दाराचा उजेड आणि वरून ट्यूब, असा मिश्र प्रकाश पडला की फोनला पांढरा रंग कुठला हे ठरवता येत नाही. पिवळा हिरवट होतो, मरून जांभळट. फोटो काढताना दुकानातले सगळे दिवे बंद करा. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान, ऊन थेट आत न येणाऱ्या खिडकीजवळ किंवा गच्चीवर सावलीत चादर लावा. सोलापुरातलं दुपारचं ऊन रंग पार धुऊन काढतं, आणि तांबड्या कौलांजवळ किंवा रंगीत भिंतीशेजारी काढलेल्या फोटोत तो रंग चादरीवर उतरतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, सावलीतला भाग उजळतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळते, वेगळा लाइट घ्यायची गरज नाही.

कॅमेऱ्यातलं ‘एआय’, ‘सीन एन्हान्सर’ किंवा ‘व्हिव्हिड’ असं जे काही असेल ते बंद करा. हीच सोय लाल रंग भडक करते. आधी चादरीवर एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद पडद्यावर पांढरा दिसला तर पुढे जा. निळसर किंवा पिवळट दिसला तर जागा बदला, किंवा प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसण्याची सेटिंग, हाताने लावा. गडद लाल आणि मरून हे रंग फोनला झेपत नाहीत, त्यांच्यातली वीण नाहीशी होऊन नुसता सपाट लाल पट्टा दिसतो. पडद्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. जरासा अंधारा वाटलेला फोटोच खऱ्या रंगाच्या जवळ असतो. शेवटी फोन चादरीशेजारी धरून दोन्ही रंग ताडून बघा, आणि तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनवरही बघा.

विणलेल्या कापडाची आणखी एक अडचण आहे. टॉवेल किंवा बारीक विणीची चादर लांबून टिपली की फोटोत इंद्रधनुषी लाटा दिसतात. विणीच्या रेषा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या ठिपक्यांच्या रांगा एकमेकांवर येतात म्हणून हे होतं, याला मॉयरे म्हणतात. आधी फोटो मोठा करून बघा. मोठा केल्यावर लाटा गेल्या तर दोष फक्त छोट्या पडद्याचा आहे. राहिल्या तर फूटभर पुढे-मागे व्हा किंवा फोन किंचित तिरका धरा. एडिटिंग करून त्या नीट जात नाहीत.

प्रत्येक चादरीचे पाच फोटो पुरेत : पूर्ण पसरलेली, पलंगावर घातलेली, हातभर अंतरावरून वीण, मागची बाजू, आणि काठ-दशीजवळ टेप लावून. पलंगाचा फोटो काढाल तेव्हा गादीची साइज खाली लिहा, नाहीतर ‘आमच्या बेडला पुरली नाही’ हे ऐकावं लागतं.

व्हिडिओ आणि आवाज

४० सेकंदांचा एक व्हिडिओ, त्यात एकच गोष्ट. वर सांगितलेल्या ‘विणलेलं की छापलेलं’ या लेखाचाच घ्या. पहिल्या तीन सेकंदांत हात चादरीचा कोपरा धरून उलटतो आणि उलटे रंग दिसतात. नमस्कार, दुकानाचं नाव, फिरणारा लोगो यातलं काहीही आधी नको, तेवढ्यात बघणारा निघून जातो. मग दहा सेकंद पुढची बाजू जवळून, दहा सेकंद मागची, दहा सेकंद धागा जाळण्याची परीक्षा, शेवटी साइज, वजन आणि व्हॉट्सअॅप नंबर. प्रत्येक तुकडा फोन स्टँडवर ठेवून घ्या आणि लागतो त्यापेक्षा चार सेकंद जास्त घ्या, कापायला सोपं जातं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुद्दा पडद्यावर मराठीत लिहा. अक्षरं मोठी आणि मधल्या भागात ठेवा. रीलच्या खालच्या भागावर नाव आणि बटणं येतात, तिथे लिहिलेलं झाकलं जातं. कापाकापीसाठी यूट्यूब क्रिएट किंवा इनशॉट पुरे.

मागावर व्हिडिओ घेताना पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, ते कॅमेरा बिघडल्यामुळे नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि फोनचा शटर त्या तालात नसतो. व्हिडिओच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. काही फोनमध्ये ‘अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ’ अशी सोय असते. दोन्ही नसेल तर दिवसा, दिवे बंद करून, दाराच्या उजेडात घ्या.

चालत्या मागाशेजारी उभं राहून बोलू नका. त्या आवाजात फोनचा माइक फाटतो आणि तुमचं एकही वाक्य कळत नाही. मागाचा आवाज दहा-पंधरा सेकंद वेगळा घ्या, तोही काही हात लांबून. बोलणं वेगळं रेकॉर्ड करा, आणि त्यासाठी तुमच्याकडे उत्तम जागा आधीच आहे : चादरींच्या गठ्ठ्यांची खोली. सुती कापड आवाज शोषून घेतं, त्यामुळे तिथे घुमत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही. एडिटिंगमध्ये बोलण्याखाली मागाचा आवाज दहा-पंधरा टक्के ठेवा. सिनेमाचं गाणं लावायचं नाही. धंद्याच्या व्हिडिओत हक्काचा प्रश्न येतो आणि आवाज बंद केला जाऊ शकतो. तुमच्या मागाची खटखट दुसऱ्या कुणाकडे नाही.

शूटिंग करताना धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या) रेषेत, म्हणजे मागाच्या दोन टोकांना, कुणी थांबायचं नाही. धोटा उडाला तर डोळा जाऊ शकतो. पदर, ओढणी खोचलेली असू द्या. आणि विणकराचा चेहरा घेण्याआधी त्याला विचारा.

घरातली तेलुगू ही तुमची जमेची बाजू आहे, ताई. त्याच चित्रांवर तेलुगूत बोलून दुसरा व्हिडिओ करा, शीर्षक तेलुगू लिपीत द्या आणि यूट्यूबवर टाका. तेलंगण-आंध्रातल्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणारा सोलापूरचा विणकर त्याला सहजी सापडत नाही. व्हिडिओ लेखातही घाला. यूट्यूब शॉर्टच्या वर्णनातली किंवा इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबली तर उघडत नाही. तिथे ‘लिंक प्रोफाइलमध्ये’ असं लिहायचं आणि प्रोफाइलमध्ये ब्लॉगचा पत्ता ठेवायचा.

ऑर्डर कुठून आली हे कळायला हवं

व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, दुकानाच्या वेगळ्या नंबरवर. कॅटलॉगमध्ये सगळा माल नको, ज्याचे पाच फोटो तयार आहेत तेवढाच टाका. प्रत्येक लेखाच्या शेवटी चॅट उघडणारी लिंक द्या : डब्ल्यू-ए-डॉट-एम-ई, तिरकी रेघ, मग ९१ आणि नंबर. अधिकचं चिन्ह आणि शून्य लावायचं नाही. लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूरही ठेवता येतो. आटण्याच्या लेखात ‘चादर धुण्याचा लेख वाचला’, साइजच्या लेखात ‘साइजचा लेख वाचला’ असं वेगवेगळं ठेवा. मेसेज आला की कुठला लेख कामाला येतोय ते समजेल. वहीत त्याचीही नोंद करा. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला फोटो पाठवाल तो एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर व्हॉट्सअॅप त्याचा दर्जा उतरवतं. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो, म्हणून पार्सलमध्ये नंबर सेव्ह करण्याची चिठ्ठी घाला.

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद, तर ब्लॉगच्याही आधी करा. त्याच्या पडताळणीसाठी आता बहुतेक वेळा न कापलेला, किमान ३० सेकंदांचा व्हिडिओ मागतात : रस्ता आणि पाटी, मग आत, मग तुम्ही कुलूप किंवा शटर उघडताना. पाटीवर आहे तेच नाव द्या. पुढे ‘स्वस्त होलसेल सोलापुरी चादर’ असं शेपूट लावलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीनंतर गिऱ्हाइकांसाठी प्रोफाइलवर टाकायचे व्हिडिओ मात्र ३० सेकंदांच्या आत हवेत. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे; माल पोचल्यावर लिंक पाठवून विनंती करा, लोक देतात.

पोचवण्याचा खर्च लेखात लिहिण्याआधी खोक्याचं माप घ्या. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. सव्वा किलोची चादर ४० बाय ३० बाय १५ च्या खोक्यात घातली की ३.६ किलोची ठरते. तीच दाबून ८ सेंटिमीटर उंचीत बसवली तर १.९ किलो. गिऱ्हाइकाला मात्र घरपोच एकच किंमत सांगा.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या कायद्यानुसार ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव लागतं, ते १० वर्षं चालतं. ही नोंदणी तुम्ही जरूर करून घ्या. तोवर ब्लॉगवर किंवा लेबलवर मानांकनाचं बोधचिन्ह लावू नका. परराज्यात माल पाठवायला जीएसटी नोंदणीही लागते, ती नसेल तर आधी सीएला भेटा.

जूननंतरचं. ब्लॉग, यूट्यूब, गुगल प्रोफाइल, सगळं दुकानाच्या एकाच नव्या जीमेलवर असू द्या, मुलाच्या स्वतःच्या नाही. छोट्या धंद्यांची पानं बंद पडतात ती बहुधा इथेच : ज्याच्या खात्यावर काढली तो गावाबाहेर, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. इन्स्टाग्रामचा ईमेल आणि फोन नंबरही दुकानाचाच करून घ्या. खात्याचा रिकव्हरी फोन तुमचा ठेवा, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, लावा, बॅकअप कोड कागदावर छापून बिलबुकांच्या कपाटात ठेवा. मुलाला त्याच्या जीमेलवरून ब्लॉगचा अॅडमिन आणि गुगल प्रोफाइलचा मॅनेजर करा, म्हणजे तो पुण्याहूनही मदत करेल. फोटो, वही आणि बोलून टाइप करणं तुमच्याकडे. कापाकापी आणि सेटिंग त्याच्याकडे. डोमेन घ्याल तेव्हा तेही तुमच्याच नावावर आणि दुकानाच्या जीमेलवर घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.